शिकाऊ उमेदवारी: काम करता करता राष्ट्रीय प्रमाणपत्र कसे मिळवाल?

आयटीआय झालेल्या किंवा दहावीनंतर थेट कामाला लागलेल्या मुलामुलींनी एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी. कारखान्यात कितीही दिवस राबलात, तरी शिकाऊ उमेदवारीचा (ॲप्रेंटिसशिपचा) करारनामा सरकारी पोर्टलवर नोंदलेला नसेल, तर ते दिवस प्रमाणपत्रासाठी धरले जात नाहीत. 'ट्रेनी म्हणून घेतो, कागद नंतर बघू' असे कोणी म्हणाले, तर कागद आधीच मागा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तो तुमचा हक्क आहे.

वय किमान १४ वर्षे लागते, धोक्याच्या व्यवसायांसाठी १८. कायद्यात वरची वयोमर्यादा नाही, पण जाहिरातीत बहुधा असते. शिक्षणाची अट व्यवसायानुसार (ट्रेडनुसार) बदलते. फिटर, वीजतंत्री, तारतंत्री, कोपा (संगणक चालक) यांच्या बहुतेक जागा आयटीआय उत्तीर्णांना मिळतात, तर काही व्यवसायांत आठवी किंवा दहावीवरही प्रवेश होतो. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला (कंपनी, कारखाना, कार्यालय) मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे महावितरण, एसटी, रेल्वे, माझगाव डॉक यांच्या जाहिराती पाहाच, पण जवळच्या एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यांतही चौकशी करा. तिथे स्पर्धा बरीच कमी असते.

अर्जाची सुरुवात 'ॲप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवरच्या नोंदणीने होते. त्यासाठी आधार, आधारशी जोडलेला मोबाइल, ईमेल, फोटो, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला आणि स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते हवे. खाते वडिलांचे चालत नाही.

सर्वांत जास्त अर्ज नावापायी अडकतात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधारवर ते शेवटी येते. कुठे वडिलांचे पूर्ण नाव असते, कुठे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर हा त्रास हमखास होतो. आधार, आयटीआय प्रमाणपत्र आणि बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती लागली तर ती नोंदणीआधीच करून घ्या, कारण पुढचे प्रमाणपत्रही याच नावावर निघते.

नोंदणी झाली की आस्थापना शोधून अर्ज करायचा. मोठ्या आस्थापना गुणवत्ता यादी किंवा परीक्षा घेतात, लहान कारखाने मुलाखतीवर निवडतात. निवडीनंतर करारनामा होतो. उमेदवार १८ वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते. मालकाने कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. तुमच्या लॉगिनमध्ये तो दिसतो का, आणि त्यावर व्यवसाय, कालावधी व विद्यावेतन बरोबर आहे का, हे तपासूनच मान्यता द्या. कालावधी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असतो.

२०१९ च्या नियमदुरुस्तीत किमान मासिक विद्यावेतन दहावीला ६,००० रुपये, आयटीआयला ७,०००, पदविकेला ८,००० आणि पदवीला ९,००० असे ठरले. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ मिळते. करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनातला केंद्राचा वाटा २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये, थेट तुमच्या खात्यात येतो.

कायद्याने तुम्ही कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहात. म्हणून सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. सुरक्षेच्या तरतुदी आणि अपघाताची भरपाई मात्र तुम्हाला लागू आहे. जादा काम लावले, विद्यावेतन थकवले किंवा करार नोंदवलाच नाही, तर जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे लेखी तक्रार द्या. त्यांचा पत्ता जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मिळतो.

निर्दिष्ट, म्हणजे सरकारने कायद्याखाली ठरवून दिलेल्या, व्यवसायांत मुदत संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नोकरीवर कायम करण्याचे बंधन मालकावर नाही. मात्र रेल्वेच्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी तिथल्या लेव्हल १ (सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, म्हणून रेल्वेची जाहिरात निघाली की अर्ज चुकवू नका.