ओव्हनच्या रॉडमधली तहानलेली पूड

कोकणातलं घर जूनमध्ये कुलूप लावून बंद केलं आणि गणपतीला उघडलं की दोन गोष्टी हमखास होतात. गाद्यांना कुबट वास येतो आणि ओट्यावरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, सुरू केला की घरभर अंधार होतो. मीटरपाशी जाऊन बघावं, तर एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की पडणारा स्विच, जागच्या जागी; आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पडणारा स्विच, मात्र पडलेला. वर करावा, पाच मिनिटांनी पुन्हा खाली. आमच्याकडे काकांनी लगेच निकाल दिला, "त्या नव्या स्विचमध्येच खोट आहे. फ्यूजच्या काळात असलं काही नव्हतं." त्यांचं दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं नाही.

खोट होती ओव्हनच्या रॉडमध्ये. आपल्याला दिसते ती काळपट नळी म्हणजे नुसतं आवरण. तिच्या मधोमध निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, बारीक गुंडाळलेली तार असते. वीज तारेतून वाहते आणि नळीला आपला हात, जाळी, ट्रे असं काहीही लागू शकतं. म्हणून दोघींच्या मध्ये असं काही भरावं लागतं, जे उष्णता बाहेर जाऊ देईल पण वीज अडवेल. ही मागणी वाटते तितकी साधी नाही. तांब्यासारखे उष्णतेचे चांगले वाहक विजेचेही वाहक असतात आणि रबरासारखे वीज अडवणारे पदार्थ उष्णताही अडवतात. मॅग्नेशियम ऑक्साइड दोन्ही कामं करतं, शिवाय 2800 अंश सेल्सिअसपर्यंत वितळतही नाही. त्याची पांढरी पूड नळीत भरतात आणि मग नळी बाहेरून दाबून बारीक करतात, म्हणजे आतली पूड घट्ट बसते.

या गुणी पुडीला एकच व्यसन आहे, पाण्याचं. हवेतली वाफ ती शोषत राहते आणि पाण्याशी संयोग होऊन हळूहळू मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनतं. पोट साफ होण्यासाठी घेतात ते दुधासारखं पांढरं मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे हेच. नळीची दोन्ही टोकं सिलिकॉनने किंवा तत्सम लुकणाने बंद केलेली असतात, पण वापराने त्याला भेगा जातात. दोन-तीन महिने दमट हवेत पडून राहिलेल्या रॉडला तेवढी वाट पुरते.

ओली पूड वीज पूर्ण अडवत नाही. तारेतून थोडी वीज नळीत झिरपते आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जाते. 1500 वॉटचा ओव्हन साडेसहा अँपिअर घेतो. त्यात 25 मिलिअँपिअरची भर पडली, तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र वेगळा हिशेब ठेवतो. फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो आणि प्रत्यक्षात 15 ते 30 च्या दरम्यान कुठेही पडतो.

मग सुरू करताक्षणी न पडता पाच मिनिटांनी का? रॉडचा मधला भाग तापला की तिथली ओल टोकांकडे सरकते. टोकं मुद्दाम थंड राहतील अशीच बनवलेली असतात, त्यामुळे ओल तिथे साचते आणि गळती वाढते. पूर्वी आरसीसीबी नसताना रॉड असाच गळत गळत तापायचा आणि बरीचशी ओल उडून जायची. कुणाला थोडी झिणझिणी आली, तर "ओव्हन जरा करंट मारतो" म्हणून विषय संपायचा. काकांचा फ्यूजचा काळ तो हाच.

याहून चक्रावणारा प्रकार म्हणजे ओव्हनचं बटण बंद असतानाही स्विच पडणं. आपल्याकडे सॉकेटचं बटण सहसा फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. ओल न्यूट्रलच्या टोकापाशी असेल, तर फ्रिजची परतणारी थोडी वीज त्या रॉडमधून अर्थिंगला पळते. बिचाऱ्या फ्रिजवर आळ येतो. म्हणून तपासताना बटण बंद करून भागत नाही, पिनच उपसायची.

काही जण यावर अर्थिंगची वायर काढून टाकतात. स्विच पडायचा थांबतो, हे खरं. पण झिरपणाऱ्या विजेला आता वाट उरते ती ओव्हनला हात लावणाऱ्याच्या अंगातून. गळतीच्या वाटेचा रोध 10,000 ओहम आणि ओल्या हातांनी अनवाणी उभ्या माणसाचा दीड हजार धरला, तर अंगातून 20 मिलिअँपिअर जातात. दहाच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. माझ्या मते हा उपाय नाही, गुन्हा आहे.

खरा उपाय म्हणजे रॉड वाळवणं. वरचा आणि खालचा रॉड नॉबने वेगवेगळा लावून पाहिला की दोषी कोणता ते बहुतेकदा कळतं. मल्टिमीटरवर विसंबू नये. तो दोनचार व्होल्टवर मोजतो आणि ओला रॉडही त्याला ठणठणीत वाटू शकतो. वायरमनकडचा मेगर, म्हणजे गळती तपासायचं मीटर, 500 व्होल्ट लावून बघतो. रॉडच्या टोकाची पिन आणि नळी यांच्यात एक मेगाओहमहून (दहा लाख ओहमहून) कमी दाखवलं, तर रॉड सोडवून दुसऱ्या चांगल्या ओव्हनमध्ये 120 ते 150 अंशांवर काही तास भाजायचा. उन्हात ठेवून फारसं साधत नाही, दाबून बसलेल्या पुडीतलं पाणी हटायला शंभराच्या वर जावं लागतं. दोनशेच्या वर मात्र नको, टोकाचं सिलिकॉन जातं. भाजूनही मेगर वर सरकला नाही किंवा नळीला चीर दिसली, तर रॉड बदलायचा. घर उघडं असेल, तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं ओव्हन तापवला तरी ही वेळ सहसा येत नाही.

आमचा खालचा रॉड शेजारच्या वहिनींच्या ओव्हनमध्ये चार तास भाजला. सकाळी मेगरचा काटा 0.02 मेगाओहमवर होता, संध्याकाळी 200 च्या पुढे. नानकटाई झाली, आरसीसीबी जागचा हलला नाही. काकांनी दोन नानकटाया उचलल्या आणि विचारलं, "मग तो स्विच कधी बदलताय?"