समाजकार्यातली ॲडव्होकसी

आपल्या हक्काचं असूनही जे मिळत नाही ते माणसाला मिळावं म्हणून त्याच्या बाजूने उभं राहणं आणि काम होईस्तोवर पाठपुरावा करणं, याला समाजकार्यात ॲडव्होकसी म्हणतात. एका माणसासाठी, कुटुंबासाठी केली तर केस ॲडव्होकसी, आणि अख्ख्या गटासाठी कायदा, धोरण बदलायला केली तर कॉज ॲडव्होकसी, असं एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) शिकवतात. प्रत्यक्षात मात्र एकातूनच दुसरी निघते.

नवी मुंबईतल्या दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्तीतलं उदाहरण घ्या. नाका कामगाराची (रोज नाक्यावर उभं राहून काम शोधणाऱ्या मजुराची) मुलगी, गावाहून आलेली, जन्मदाखला नाही, टीसी नाही, म्हणून शाळा परत पाठवते. खरं तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारताच येत नाही, आणि टीसीला उशीर झाला हे कारणही चालत नाही. कार्यकर्ती हे आधी आईला नीट समजावते, अर्ज लिहायला मदत करते, पण तो खिडकीवर देते ती आईच, आणि दुसऱ्या कॉपीवर आवक शिक्का नि तारीख मारून घेते. हा शिक्का लय महत्त्वाचा, कारण तोंडी "उद्या या" ला काही पुरावा नसतो, पोच हातात असली की वर तक्रार करता येते. कार्यकर्तीने ओळखीवर फोन करून काम काढलं तर प्रवेश होईल हो, पण पुढच्या वेळी रेशनसाठी आई परत तिच्याच दारात येणार, म्हणून मला तरी हा शॉर्टकट पटत नाही.

अशाच तक्रारी दहा घरांतून यायला लागल्या की त्या लेखी गोळा करायच्या, माहिती अधिकारात विचारायचं (३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं), मग महापालिकेकडे सगळ्यांनी मिळून जायचं.

ठाणे जिल्ह्यात याची मोठी परंपरा आहे. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा, तरी वसई भागात (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं) आदिवासी कर्जापायी मालकाकडे राबत होते, आणि १९८२ मध्ये विवेक पंडितांनी सुरू केलेल्या श्रमजीवी संघटनेने त्यांना सोडवायचं काम हातात घेतलं. अशा कामात धोका असतो आणि तो आधी त्या मजुरालाच असतो, म्हणून त्याला विचारल्याशिवाय एकही पाऊल टाकायचं नसतं. आणि नुसती सुटका पुरत नाही, मुक्तीचा दाखला (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद) आणि पुनर्वसनाचे पैसे वेळेत मिळाले नाहीत तर पोटासाठी माणूस परत त्याच मालकाकडे जातो.