बेल्ट काढून चेन बसवलीत? मग ती बेल्टसारखी ताणू नका

तुमच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा बेल्ट काढून आम्ही चेन बसवून दिली. हे पत्रक गाडी नेताना हातात देतो ते वाचण्यासाठी. टूलकिटमध्ये कोंबू नका. तिथं त्याला तेल लागतं आणि मग त्याला पाना पुसला जातो, हे आम्ही बघितलेलं आहे.

बेल्टची चेन करून गेलेली इलेक्ट्रिक गाडी परत आली की आम्ही आधी काही विचारत नाही, चेन खालून बोटानं उचलून बघतो. ती मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारेसारखी लागली की प्रश्नच मिटतो. गिऱ्हाईक मग एकच वाक्य बोलतं: "आवाज येत होता की हो, म्हणून वाटेत जरा टाईट करून घेतली."

आवाज येणारच. पेट्रोल गाडीची चेनही तेवढीच वाजते, फक्त इंजिनाच्या फडफडीत ती कानावर येत नाही. तुमच्या गाडीला इंजिन नाही आणि आतापर्यंत होता तो बेल्ट, म्हणजे रबराचे दात पुलीवर मुकाट बसायचे. आता पहिल्यांदाच लोखंडावर लोखंड फिरतंय. त्यात चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चक्रावर, गोल बसत नाही, कोनाकोनानं बसते, त्यामुळं मोटर एकसारखी फिरली तरी चेनचा वेग दर दाताला किंचित कमीजास्त होतो. पुढं 13 दात असतील तर हा फरक जवळपास 3 टक्के, 15 असतील तर सव्वादोनच्या आसपास. म्हणून जागा मिळेल तिथं आम्ही पुढचं स्प्रॉकेट 14 किंवा 15 दातांचं घालतो. लहान स्प्रॉकेट स्वस्त पडतं आणि बसवायला सोपं जातं, पण ते गुरगुरतं.

तर आवाज आला, वाटेतल्या गॅरेजवाल्यानं सवयीनं पाना लावला, आणि चेन टाईट झाली. दोन दिवस आवाज खरंच कमी होतो. मग सुरू होतो तो दुसराच, बारीक "कूंऽऽ" असा, वेग वाढला की चढणारा. हा चेनचा नाही, बेअरिंगचा. आणि लोक काय करतात? अजून टाईट करतात.

बेल्टला ताण लागतो याचं कारण त्याचे दात उथळ असतात. ताण नसेल तर जोर लावताच बेल्ट पुलीवरून एक दात उडी मारतो. पिठाच्या गिरणीत ज्यांनी पट्टा घसरताना बघितलाय त्यांना हे सांगायला नको. पण चेनचं तसं नाही. तिचा रोलर स्प्रॉकेटच्या दोन दातांमध्ये पार खाली बसतो. तिला धरून ठेवायला ताण लागत नाही. तिला लागतो प्ले, म्हणजे थोडी ढिलाई.

तो का लागतो, ते आम्ही गाडी देताना दाखवतोच, पण घाईत बरेच जण मोबाईलवर असतात, म्हणून इथं लिहितो. मागचं चाक ज्या चिमट्यात बसलेलं असतं तो चिमटा एका बोल्टावर वरखाली होतो. पुढचं स्प्रॉकेट त्या बोल्टाच्या जागी नसतं, थोडं पुढं असतं. त्यामुळं गाडी दबली की पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर बदलतं. स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त, आणि चेन सगळ्यात टाईट. रिकामी गाडी स्टँडवर असताना तुम्हाला जो प्ले दिसतो, तो डबल सीट बसल्यावर तेवढा राहत नाही. आम्ही गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतो, मागं आमचा पोऱ्या बसतो, आणि तिसरा माणूस चेनखाली बोट धरतो. अंगठ्याच्या पेराएवढा असलेला प्ले डोळ्यादेखत अर्ध्यावर येतो. स्टँडवरच जर तो शून्य असेल, तर खड्ड्यात गाडी दबल्यावर चेन कुठून लांब होणार? ती लांब होत नाही. ती मोटरचा शाफ्ट मागं ओढते.

काही मॉडेलना मोटरचा शाफ्ट चिमट्याच्या बोल्टाच्याच जागी दिलेला असतो, तिथं हा फरक जवळजवळ पडत नाही. पण तुमची गाडी तशी असेल तर आम्ही सांगितलेलं असेल. सांगितलं नसेल तर ती तशी नाही.

बेळगावाजवळच्या जांबोटीकडचे एक दूधवाले आमच्याकडे एका महिन्यात तीनदा आले. दोन्ही बाजूंना किटल्या, पहाटेची फेरी, आणि रस्त्याचं तर तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा चेन सैल करून दिली. दुसऱ्यांदा परत सैल करून दिली आणि जरा बोललोही. तिसऱ्यांदा आले तेव्हा शाफ्टाचं बेअरिंग गेलं होतं, त्याच्या पुढचं ऑइल सील फाटलं होतं आणि आत तांबडं पाणी गेलं होतं. बेअरिंग फार महाग नसतं. पण ते बदलायला मोटर उतरवावी लागते, आणि तोवर दुधाची फेरी दुसऱ्याच्या गाडीवर. त्यांनी तिन्ही वेळा एकच सांगितलं, आवाज येत होता. आम्हीही पहिल्या वेळी नीट समजावलं नव्हतं, हे कबूल आहे. हे पत्रक त्यानंतर छापलं.

आता माप. गाडी साईड स्टँडवर, वर कुणी नाही, सामान नाही. चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध बोटानं वर उचला आणि खाली ओढा. एकूण हालचाल बहुतेक गाड्यांना 25 ते 30 मिमी, म्हणजे इंचभर किंवा सूतभर (इंचाचा आठवा भाग) जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा या पत्रकाच्या मागं पेनानं लिहिलेला आहे, तोच धरा. गाडी हातानं थोडी थोडी पुढं सरकवत चार ठिकाणी बघा. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, जिथं सगळ्यात टाईट लागेल तिथलं माप खरं. आणि अ‍ॅडजेस्टर फिरवलात तर चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि चेन स्प्रॉकेटची एक बाजू खाते.

खूप सैलही नको, हेही सांगून ठेवतो, नाहीतर काही जण उलट टोकाला जातात. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर गाडी स्वतः ब्रेक घेते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते, तेव्हा चेनचा ताण वरून खालच्या बाजूला जातो. त्या क्षणी "टक" असा एक हलका आवाज येतो. तो एकदाच आला तर सोडून द्या, चेनवर तो येतोच. दणका जाणवला किंवा दोनदा वाजला तर प्ले जास्त झालाय. इलेक्ट्रिक मोटरचा पूर्ण जोर उभ्या गाडीलाच मिळतो, त्यामुळं सैल चेनला पेट्रोल गाडीपेक्षा जास्त मार बसतो. ज्या गाडीच्या मागच्या हबला ड्रम रबर (धक्का पिणारे रबराचे ठोकळे) नसतात, आणि बेल्टच्या गाड्यांना पुष्कळदा नसतात कारण थोडा धक्का बेल्टच पितो, तिथं आम्ही रबर बुश असलेलं स्प्रॉकेट घालतो. बिलात ती रक्कम वेगळी दिसते आणि त्यावर घासाघीस होते. ती ओळ आम्ही काढत नाही.

चेन करावीच का, हे आता विचारताय. खरं सांगायचं तर सगळ्यांनी नाही. तुमची गाडी बेळगावातच टिळकवाडी ते कॅम्प आणि परत एवढीच फिरत असेल तर बेल्टच ठेवा, तेल नाही, आवाज नाही, पँटला डाग नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं किंवा निपाणी-चिकोडीच्या उसाच्या शिवारात जी रोज जाते, तिची गोष्ट वेगळी. खडी बेल्ट आणि पुलीच्या मध्ये सापडते, आतले धागे तुटतात, वरून काही दिसत नाही, आणि चार दिवसांनी बेल्ट सपाट रस्त्यावर तुटतो. चेन आधी कुरकुरते, लांबते, मग जाते. शिवाय बेल्ट कंपनीकडून मागवावा लागतो, आणि 428 नंबरची चेन गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. पहिला आकडा म्हणजे पिच (चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) किती सूत, हे जुने फिटर सांगतात ते बरोबर आहे: 428 ची 4 सूत, म्हणजे 12.7 मिमी, आणि मोठ्या गाड्यांच्या 520 ची 5 सूत. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र थांबा. ड्राइव्ह बदललेल्या गाडीच्या मोटरची तक्रार कंपनी ऐकून घेईल असं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. वॉरंटी संपल्यावर या, आम्ही इथंच आहोत.

"चार तासांचं काम, दोन दिवस कशाला?" हेही रोजचं. आम्ही आधी तुमच्या पुलींचे दात मोजतो. समजा पुढं 24 आणि मागं 96, म्हणजे चारास एक. मग चेनलाही 14 आणि 56 असंच बसवायचं. हे प्रमाण बदललं तर ज्या गाड्या मोटरच्या फेऱ्यांवरून वेग मोजतात त्यांचा मीटर खोटं बोलायला लागतो, किलोमीटरही चुकतात आणि बाकी रेंजचा अंदाजही. त्यानंतर शाफ्टाच्या खाचांना बसेल असा हब उद्यमबागेतल्या कारखान्यात वायरकट मशीनवर (विजेच्या बारीक तारेनं लोखंड कापतं ते) कापून घ्यावा लागतो. तिथले कारागीर फाउंड्रीची मोठी कामं बाजूला ठेवून आपला एक नग करतात, ते त्यांच्या सवडीनं होतं. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत की नाही हे पट्टी लावून बघितल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

ऑनलाइन मागवलेलं किट घेऊन येणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, त्यात गर्व नाही. किटबरोबर आलेला हब कशाचा आहे, किती कडक केलाय, हे आम्हाला दिसत नाही आणि खाच गेली तर नाव आमचंच निघतं. त्याहून एक विनंती: गाडी घरी खोलून, बेल्ट-पुली काढून टेम्पोत आणू नका. जुनी पुली शाफ्टावर कुठं बसलेली होती ते माप एकदा हललं की आमचा अर्धा दिवस ते शोधण्यात जातो.

काढलेला बेल्ट आणि पुली पिशवीत घालून परत देतो, पुढं कधी गाडी विकताना उपयोगी पडतील. बेल्ट मोठा गोल ठेवून खिळ्याला टांगा. घडी घालून कपाटात ठेवलेला बेल्ट फेकून दिल्यातच जमा.

देखभाल फार नाही. 500 किलोमीटरला, पावसाळ्यात त्याआधीच, मऊ ब्रशनं आणि रॉकेलनं पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब. गाडी फिरून आल्यावर संध्याकाळी घाला, रात्रभर मुरू द्या, सकाळी जास्तीचं पुसा. सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा फवारा चेनवर नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंगच्या आतलं ग्रीस निघून जातं. आणि किल्ली काढून, बॅटरीचा मेन स्विच (एमसीबी) पाडून मगच चेनला हात लावा. पेट्रोल गाडी चालू असली तर निदान ऐकू तरी येते. ही चालू असते आणि गप्प असते, घरातल्या पोरानं मूठ जरा फिरवली की चेनमधलं बोट गेलं. चाक हातानंच फिरवा, मोटरवर कधीच नाही.

चेन संपली का हे बघायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागं ओढा. खाली अर्धा दात दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. साडीगार्ड आणि चेनकव्हर आम्ही परत बसवूनच देतो. कव्हर वाजतं म्हणून काढून टाकू नका, त्यातला एक स्क्रू आवळला की ते गप्प होतं.

पहिल्या 500 किलोमीटरला गाडी दाखवायला आणा. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, तेव्हा प्ले आम्ही फुकट लावून देतो. वाटेत दुसऱ्याकडून ताणून आणलेली असेल तर मजुरी लागेल. रविवारी बंद. सकाळी 10 च्या आत आलात तर उभ्या उभ्या होऊन जातं, चहा मात्र तुम्ही सांगायचा.