मेंदूच्या इजेनंतरची संगणकावरील चाचणी : येण्याआधी एवढं वाचा

डोक्याला मार, पक्षाघात किंवा मेंदूज्वर यांतून उठलेला माणूस चालू-बोलू लागतो. कधी सीटी स्कॅनही नॉर्मल येतो. तरी गॅसवरचं दूध उतू जातं, सुट्टे पैसे मोजताना घोळ होतो. लक्ष, स्मरणशक्ती, कामाचा वेग, नियोजन यांतलं नेमकं काय कमी पडतंय, ते शोधायला ही चाचणी आहे. इथे पास-नापास नसतं.

पेशंटला आजचा वार सांगता येत नसेल, सकाळी कोण भेटून गेलं ते संध्याकाळी आठवत नसेल, तर घाई करू नका. त्या गोंधळलेल्या अवस्थेतल्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधता येत नाही.

येताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी, वाचायचा चष्मा आणि कानाचं मशीन आणा. चष्मा विसरलात तर आम्ही तारीख बदलतो. गोळ्या नेहमीच्या वेळी द्या. फिटच्या काही गोळ्यांनी वेग मंदावतो, पण म्हणून डॉक्टरांना न विचारता एकही बंद करू नका. रात्रीची झोप झाली नसेल तर फोन करून कळवा. चाचणीला साधारण सव्वा तास लागतो, मध्ये विश्रांती असते. थकवा लवकर येणाऱ्यांना दोन दिवस बोलावतो.

नातेवाईक बाहेर बसतील. (शेजारी बसलेली आई नकळत ओठ हलवते आणि स्मरणशक्तीची चाचणी तिचीच होते.)

सर्वांत सोपी चाचणी बघा : पडद्यावर गोल दिसला की बटण दाबायचं. समजा, चार वेळा ३००, ३२०, ३१० आणि ९०० मिलिसेकंद लागले. सरासरी ४५७.५ येते आणि माणूस मंद वाटतो. प्रत्यक्षात तीन वेळा हात चपळ चालला, एकदा लक्ष सुटलं. उपाय दोन्हींचे वेगळे, म्हणून आम्ही सरासरीबरोबर प्रत्येक वेळेचा आलेखही देतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच नवं चित्र दाखवतो, मोबाइलचा टच आणि ब्लूटूथ कीबोर्ड त्यात आणखी उशीर घालतात. ‘घरी लिंक पाठवा’ याला आमचा नकार असतो तो यामुळेच. बटण आम्ही वायरचं वापरतो.

आकडा खाली येण्याचं कारण दर वेळी चाचणी जे मोजते तेच नसतं. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक (पक्षाघाताचा झटका) आल्यानंतर काहींचं पडद्याच्या डाव्या अर्ध्याकडे लक्षच जात नाही. डावीकडची सगळी चित्रं सुटतात आणि ‘स्मरणशक्ती कमी’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाताचा वेग स्वतंत्र मोजून घ्यावा लागतो. वाचा गेलेल्यांना शब्दांच्या याद्या देत नाही, चित्रं देतो. आकडा आणि अक्षर आलटून-पालटून जोडण्याची एक चाचणी आहे. इंग्रजी शाळेत न गेलेल्याला ए-बी-सी देणं अन्याय आहे. अ-आ-इ-ई हा क्रमही सगळ्यांना धडाधडा येत नाही. तिथे रंगांची आवृत्ती बरी.

रिपोर्टमध्ये १०० म्हणजे त्या वयाची आणि शिक्षणाची सरासरी. ८५ म्हणजे तशा शंभरांतले सुमारे १६ जण त्याच्याही खाली. दहा-बारा चाचण्यांत एखादा आकडा कमी येणं धडधाकट माणसालाही चुकत नाही. आम्ही एकाच प्रकारच्या दोन-तीन चाचण्या एकत्र खाली आहेत का ते पाहतो, आणि घरी काय बिघडतं हे तुम्हाला विचारून ताडून घेतो.

पुन्हा चाचणी शक्यतो सहा महिन्यांनी, प्रश्नांच्या वेगळ्या संचावर. मधल्या काळात चाचणीसारखे मोबाइल गेम खेळवून तयारी करून घेऊ नका; गेमचा सराव वाढतो आणि सुधारणेचा खोटा आकडा मिळतो.

दिव्यांग प्रमाणपत्र सरकारने नेमलेले वैद्यकीय अधिकारीच देतात, आमचा रिपोर्ट त्यांच्याकडच्या अर्जाला जोडता येतो. गाडी पुन्हा चालवायची की नाही, हे केवळ आमच्या आकड्यांवर ठरवू नका. आधी डॉक्टरांना फिट आणि नजर यांबद्दल विचारा.