आरमार आणि अलमारी

आरमार म्हटलं की आपल्याला गुराबा, गलबतं आणि सिंधुदुर्ग आठवतो. शब्द मात्र सातासमुद्रापारचा. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, त्यांच्या तोंडचा 'आर्मादा' किनाऱ्यावर रुळला आणि शेवटच्या 'दा'चा 'र' होऊन मराठी झाला.

आर्मादाचं मूळ लॅटिन 'आर्माता', म्हणजे 'सज्ज केलेली'. नुसतं विशेषण. सज्ज काय केलं, जहाजं की माणसं, ते शब्द सांगतच नाही आणि घोळ तिथेच होतो. स्पॅनिशमध्ये आर्मादा म्हणजे नौदल. भूदलाला तिथे 'एहेर्सितो' हा निराळाच शब्द. फ्रेंचांनी त्याच आर्माताचं 'आर्मे' केलं आणि ते जमिनीवर उतरवलं. मग ताफ्याबद्दल बोलायचं तर 'आर्मे नाव्हाल', म्हणजे जहाजी फौज, असं फोड करून सांगणं आलं! व्हेनिसच्या ताफ्याला एकेकाळी 'आर्माता' म्हणत. आजच्या इटालियनमध्ये ती खुष्कीची फौज. इंग्रजीने तर हा शब्द दोनदा घेतला. फ्रेंचांकडून 'आर्मी' आणि स्पॅनिशांकडून 'आर्माडा'. दुसरा शब्द तिथे लोकांच्या कायमचा लक्षात राहिला तो १५८८मुळे, स्पेनची सुमारे १३० जहाजं इंग्लंडवर चालून आली तेव्हा.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती फ्रेंच 'आर्मातर'ची. हा कुणी शस्त्रधारी नव्हे. शिडं, दोरखंड, खलाशी, शिधा अशी जमवाजमव करून जहाज सफरीला सिद्ध करणारा हा जहाजमालक. इटालियन 'आर्मातोरे' आणि स्पॅनिश 'आर्मादोर' हे त्याचेच भाऊबंद. कारण लॅटिन 'आर्मा' म्हणजे केवळ हत्यारं नव्हेत. अवजारं आणि सरंजामही त्यात आला. त्याच्याही मागे जाऊन भाषाशास्त्रज्ञ 'नीट जोडणं, बसवणं' या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत पोचतात. स्पॅनिशमध्ये टेबलाचे सुटे भाग जोडण्याला आजही 'आर्मार' म्हणतात. उच्चार अगदी आपल्या आरमारासारखा, पण तो योगायोग. आपला शब्द आर्मादावरूनच आला.

आणि हा सरंजाम ठेवायचा कुठे? लॅटिनमध्ये त्यासाठी 'आर्मारियुम' होतं, म्हणजे कपाट. पोर्तुगिजांनी त्याचं 'आर्मारियु' केलं आणि तेही त्यांच्याबरोबर आपल्याकडे आलं. तीच आपली अलमारी.