सुनेनं सासऱ्याला ‘काऊन बे’ म्हटलं तेव्हा

‘टीव्हीवरचे विनोद आता एआयच लिहितं, लेखक बसले घरी,’ असं आमच्या पानठेल्यावर ठासून सांगतात. तसं काही झालेलं नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये लेखक १४८ दिवस संपावर होते. रात्रीचे विनोदी कार्यक्रम लगेच बंद पडले, जुने भाग दाखवावे लागले. एआय तेव्हाही होतंच की! शेवटी करार झाला: एआयचा मजकूर लेखकाचं लेखन धरायचा नाही आणि ते वापरायची सक्ती कंपनीनं लेखकावर करायची नाही. म्हणजे बंदीही नाही. कंपनीच्या संमतीनं लेखक वापरू शकतो.

मी मोबाइलवर एआयकडून एक वऱ्हाडी प्रवेश लिहून मागितला. प्रत्येक वाक्याला ‘बे’ चिकटवलेला. सून सासऱ्याला म्हणते, ‘काऊन बे, जेवला का?’ आमच्या गावात हे बोलली तर हसू नाही, पंचायत बसंल. ‘बे’ दोस्ताला, नाहीतर धाकट्याला. आधीच्या असंख्य मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द जुळवणाऱ्या यंत्राला हे नातं कुठून दिसणार? त्यातून वऱ्हाडी लिखाण मुळातच कमी.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाकडच्या नाटकांत, रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या मंडपाला जागं करायला नट धानाच्या भावावरून जागेवरच कोटी करतो. ती कोणत्याच संहितेत नसते.

प्रसंगाचे दहा पर्याय, भागाचा सारांश ही कामं मात्र एआय झटपट करतं. नवशिक्या लेखकाचा चहापाण्याचा खर्च अशाच कामांवर निघतो, तेव्हा त्याची भीती खोटी नाही.