एक गोळी कमी लागते, एवढंच ना?

मे महिन्यात बहिणीकडे कराडला गेलो होतो, तेव्हा भाचा आणि त्याचे तीन मित्र ओट्यावर बसून फ्री फायर मॅक्स या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची कस्टम रूम (आपल्यापुरता खाजगी डाव) बनवत होते आणि खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नुसता वाद, की गन प्रॉपर्टी ऑन ठेवायची का ऑफ. ज्याच्याकडे स्किन होत्या तो म्हणे ऑन, बाकीचे तिघं म्हणे ऑफ. स्किनवाल्याचं म्हणणं असं की अरे दोन-चार टक्क्यांनी काय फरक पडतो, खेळता आलं पाहिजे. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, मामा तुम्हीच सांगा. मी म्हटलं हिशोब करून सांगतो, आणि मग खरंच वही घेऊन बसलो, कारण प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार चांगला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मूळ फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला भारतात बंद झाला, पण त्याचीच सुधारलेली आवृत्ती मॅक्स चालू राहिली आणि गावोगावी पोरं तोच खेळतात. त्यात बंदुकीची स्किन म्हणजे नुसता रंग नाही. बऱ्याच स्किनवर डॅमेज (एका गोळीने होणारी इजा), रेट ऑफ फायर (गोळ्या सुटायचा वेग), रेंज असं काहीतरी लिहिलेलं असतं, पुढे एक किंवा दोन अधिक चिन्हं, आणि बहुतेक वेळा एखाद्या गोष्टीपुढे वजा. यालाच पोरं प्रॉपर्टी म्हणतात. स्किन मिळतात डायमंड, म्हणजे खेळातलं चलन घालून आणि डायमंड मिळतात रुपये घालून. म्हणजे पैसे देऊन बंदूक थोडी जास्त जोरात लागते. याला पे टू विन, म्हणजे पैसे देऊन जिंकणं, म्हणायचं का, हा प्रश्न.

आता आकडे. फ्री फायरमध्ये माणसाला २०० एचपी असतात, एचपी म्हणजे अंगातला जीव, शून्य झाला की मेला. समजा एक बंदूक आहे, एक गोळी ४८ डॅमेज देते (हे आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेत, कुठल्या खऱ्या बंदुकीचे नाहीत). चार गोळ्यांनी १९२ होतात, समोरचा ८ एचपीवर जिवंत, म्हणून पाचवी लागते. आता ४ टक्के डॅमेज वाढवा, ४८ चे झाले ४९.९२, पूर्णांकात ५० धरू, चार गोळ्यांत २०० पूर्ण, संपला. डॅमेज वाढला ४ टक्के पण गोळी वाचली पाचातली एक. बंदूक सेकंदाला १० गोळ्या मारत असेल तर पहिली गोळी शून्याला धरून पाचवी ०.४ सेकंदाला सुटते आणि चौथी ०.३ ला. तो ०.१ सेकंद किती मोठा आहे ते असं बघा, की डोळ्याला काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात, म्हणजे तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेच्या वेळेतला जवळपास निम्मा भाग समोरच्याला विकत मिळाला.

पण सगळ्या गोळ्या लागत नाहीत, नेम चुकतो, दोघंही पळत असतात, म्हणून खरा प्रश्न हा की जिंकायची शक्यता किती बदलते. याचं उत्तर नाण्याने काढता येतं आणि मला हे फार आवडतं. दोघांचा नेम अगदी सारखा आहे असं धरा. मग पुढची लागणारी गोळी कोणाची असेल ही छापा-काट्याची गोष्ट झाली. छापा आला तर स्किनवाल्याची गोळी लागली, काटा आला तर बिनस्किनवाल्याची. स्किनवाल्याला ४ छापे हवेत, दुसऱ्याला ५ काटे. ८ वेळा नाणं उडवलं की या दोनपैकी एक गोष्ट झालेलीच असते आणि दोन्ही मिळून कधीच होत नाहीत, करून बघा. ८ नाण्यांचे एकूण निकाल २५६, त्यात ४ किंवा जास्त छापे असलेले १६३. भागाकार केला की जवळपास ६४ टक्के. म्हणजे दोघं तोडीस तोड असताना एक १०० पैकी ६४ वेळा जिंकतो आणि दुसरा ३६ वेळा, आणि हे फक्त एका गोळीच्या फरकाने.

उलट बाजूनेही बघितलं. बिनस्किनवाल्याला बरोबरी करायची असेल तर किती चांगलं खेळायला लागेल? उत्तर येतं की लागणाऱ्या १०० गोळ्यांत ५६ त्याच्या असायला पाहिजेत आणि ४४ समोरच्याच्या, म्हणजे सव्वापट जास्त गोळ्या लावायच्या, नुसतं पन्नास टक्क्यांवर येण्यासाठी. सव्वापट नेम सुधारायला किती दिवस जातात ते खेळणाऱ्यांना विचारा.

आता इथे थांबलो असतो तर स्किनवाल्या पोरावर अन्याय झाला असता, कारण मी मुद्दाम असा आकडा घेतला की जिथे उंबरठा ओलांडला जातो. बंदूक ४८ ऐवजी ४४ ची असती तर ४ टक्के वाढून ४५.८ झाले असते, तरी पाचच गोळ्या लागल्या असत्या, म्हणजे डॅमेजची प्रॉपर्टी असून नसल्यासारखी. खऱ्या खेळात अंतराने, जॅकेटने, गोळी डोक्याला लागली का पायाला यावरून डॅमेज सारखा बदलतो, त्यामुळे ४ टक्क्यांचा बूस्ट साधारण पाच-सहा लढतींमागे एकदाच गोळी वाचवतो. सगळ्या लढतींची सरासरी काढली तर ६४ चा आकडा उतरून ५२-५३ वर येतो. म्हणून 'दोन-चार टक्क्यांनी काय होतं' हे म्हणणं अगदीच खोटं नाही, पाचातल्या चार वेळा काही होत नाही, पाचव्या वेळी सगळं होतं.

पण लढत एकच नसते ना. सात फेऱ्यांचा डाव असतो, चार आधी जिंकेल तो जिंकला. प्रत्येक फेरीत ५३ टक्के असेल तर डाव जिंकायची शक्यता ५६-५७ होते, आणि प्रत्येक फेरीत ६४ असेल तर थेट ७८. फेऱ्या जेवढ्या जास्त तेवढा छोटा फायदा फुगतो, जुगाराच्या अड्ड्याचा मालक याच गणितावर जगतो. आणि बूस्ट एकटा येत नाही, डॅमेज आला, त्यावर रेट ऑफ फायर आला, त्यावर कॅरेक्टर, म्हणजे खास ताकद असलेलं पात्र आलं. डीजे अलोक आठवतो का? २०१९ च्या शेवटी आलेलं कॅरेक्टर, किंमत ५९९ डायमंड, आणि सुरुवातीच्या रूपात पूर्ण लेव्हलला १० सेकंद, दर सेकंदाला ५ एचपी परत. म्हणजे ५० एचपी, म्हणजे ५० डॅमेजची एक अख्खी गोळी. सगळं वापरता आलं तर परत तोच पाच विरुद्ध चारचा डाव. एका वेळी शाळेतल्या प्रत्येक पोराला अलोक का हवा होता त्याचं कारण या हिशोबात आहे, नुसती फॅशन नव्हती ती.

हेच गणित दुसऱ्या खेळात फार स्वच्छ दिसतं. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीचा क्लॅश रोयाल, कार्डं टाकून सैन्य लढवायचा मोबाइल खेळ, मार्च २०१६ पासून चालू. त्यात कार्डाची लेव्हल एकाने वाढली की त्याचा डॅमेज आणि एचपी दोन्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतात. लोक म्हणतात दहाच टक्के. पण जो १० टक्के जास्त वेळ जिवंत राहतो तो त्या वाढलेल्या वेळात १० टक्के जास्त जोराने मारतो, म्हणजे १.१ गुणिले १.१, ताकद २१ टक्के जास्त. दोन लेव्हलला ४६, तीन लेव्हलला ७७ टक्के. चक्रवाढ व्याज आहे हे, बँकेतलं तेच. आणि बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं बिलकुल नाही, कारण त्यांच्याच स्पर्धांच्या नियमात कार्डांच्या लेव्हलला कॅप, म्हणजे वरची मर्यादा असते, वरची लेव्हल खाली आणून सगळ्यांना एका पातळीवर खेळवतात. कस्टम रूममधलं प्रॉपर्टी ऑफचं बटण पण तेच सांगतं. फरक पडत नसता तर बटण कशाला दिलं असतं?

आता एक युक्तिवाद नेहमी येतो आणि ऐकायला जोरदार वाटतो, की पैसे भरणारेसुद्धा पन्नास टक्केच जिंकतात, मग पे टू विन कसं? हे समजायला बुद्धिबळाकडे जायला लागतं. आर्पाड एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात शिकवायचे, त्यांनी खेळाडूंना गुण द्यायची पद्धत बसवली आणि १९७० मध्ये फिडे या जागतिक संघटनेने ती घेतली. त्यात दोन खेळाडूंमध्ये १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून ६४ टक्के गुणांची अपेक्षा असते. बरोब्बर आपला आकडा! म्हणजे दर लढतीत एक गोळी वाचणं हे एलोच्या भाषेत १०० गुण. आजचे बहुतेक ऑनलाइन गेम अशाच कुठल्यातरी रेटिंगवर जोड्या लावतात, तुम्ही जिंकत गेलात की वर ढकलतात, हरलात की खाली, जोवर तुम्ही निम्मे जिंकता आणि निम्मे हरता तोवर. म्हणून दर वेळी एक गोळी वाचवेल एवढा बूस्ट घेतलेला पोरगा काही दिवस जिंकतो, १०० गुण वर जातो, तिथे त्याच्याहून हुशार पोरं भेटतात आणि तो परत पन्नासवर येतो. जिंकण्याची टक्केवारी सगळ्यांची सारखीच दिसते, अन्याय दिसतो तो शिडीवर कोण कुठे बसलंय त्यात. बिनपैशाचा पोरगा जास्त हरत नाही, तो आपल्या लायकीपेक्षा १०० गुण खाली बसलेला असतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच खेळ जमत नाही. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते, कारण हरल्याचा राग निघून जातो पण 'आपण कमी आहोत' हे डोक्यात बसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बूस्ट किती टक्के हा दुय्यम प्रश्न. सारखं कौशल्य असलेल्या दोघांना समोरासमोर, रँक लागणाऱ्या डावात उभं केलं आणि ज्याने पैसे दिले तो जास्त वेळा जिंकला, तर ते पे टू विन. थोडं असेल, फार असेल, पण आहे.

पैशाऐवजी वेळ घालून, खेळून तेच मिळत असेल तर काय, हा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो सरळ नाही. लीग ऑफ लेजेंड्स या कॉम्प्युटरवरच्या खेळात कित्येक वर्षं रून्स नावाचे छोटे बूस्ट होते, ते पैशाने विकत मिळत नव्हते, फक्त खेळून मिळवलेल्या गुणांवर. पण ते गुण लवकर जमवून देणारा बूस्ट पैशाने मिळायचा! म्हणजे दरवाजा बंद आणि खिडकी उघडी. २०१७ च्या शेवटी त्यांनी जुने रून्स काढून टाकले आणि नवे सगळ्यांना फुकट दिले, मला वाटतं योग्य केलं. त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१७ ला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेमवर लोक भडकले होते. त्यात ताकद वाढवणारी कार्डं लूट बॉक्समधून (आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी) यायची आणि डार्थ व्हेडरसारखं पात्र उघडायला ६०,००० क्रेडिट लागायचे. ओरड एवढी झाली की किंमत ७५ टक्क्यांनी खाली आणली आणि गेम बाहेर पडायच्या आदल्या दिवशी पैशाची खरेदीच बंद केली. इथे पण वाद तोच होता, की खेळून मिळतं ना, मग तक्रार कसली. पण खेळून मिळायला इतके तास ठेवले की पोरगं कंटाळून पाकीट काढेल, तर ते 'खेळून मिळतं' कागदावरच राहतं.

कंपनीने खायचं काय, असं कोणी विचारेल. डोटा २ या कॉम्प्युटरवरच्या खेळात सगळे हिरो (खेळायची पात्रं) पहिल्या दिवसापासून फुकट, विकतात ते कपडे-सजावट. तरी २०२१ च्या त्यांच्या मोठ्या स्पर्धेचं बक्षीस ४ कोटी डॉलरवर गेलं, आणि त्याचा मोठा भाग सजावटीचा पास विकून आलेल्या पैशाच्या २५ टक्क्यांतून जमला. पैसा ताकद न विकताही येतो.

आणि हा प्रश्न फक्त मोबाइलचा पण नाही. २००९ मध्ये रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, कारण पॉलियुरेथेनचे पोहायचे सूट आले होते, जे अंगात घातले की माणूस पाण्यावर जास्त तरंगायचा आणि पाणी कमी अडवायचं. तो पण विकत मिळणारा बूस्टच. पोहता यायला लागतंच होतं, पण सूट लागत होता तो वरून. १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मामा, पण आम्ही काल दहा डाव खेळलो, प्रॉपर्टी ऑन ठेवून, आणि स्किनवाला सहाच जिंकला. मी म्हटलं, अरे दोघं अगदी सारखे असले आणि प्रॉपर्टी ऑफ असली तरी त्याने दहात सहा किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता ३८ टक्के असते, दहा डावांवरून काहीच कळत नाही, लोकांची भांडणं मिटत नाहीत ती यामुळेच. शंभर डाव खेळा. सारखे असाल तर कोणी एक जण ६४ च्या वर जाणं हजारात तीन-चार वेळा होतं, त्यामुळे तसं झालं तर धरून चाला की प्रॉपर्टीचं काम आहे. त्यावर तो दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, पण तो मुळात माझ्यापेक्षा चांगलाच खेळत असला तर?

अगदी बरोबर. म्हणून आता ठरलंय की दर दहा डावांनी अकाउंट अदलाबदल करायचे, एकदा स्किन याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखलेत, एकावर लिहिलंय प्रॉपर्टीवाला आणि दुसऱ्यावर बिनप्रॉपर्टीचा, आणि कोण जिंकलं याचं नाव कुठेच लिहायचं नाही.